मुदत, ऋण आणि अंदाज : स्वेच्छा-संगणनातील क्रमनियोजनाचा इतिहास

१

एखादे काम अमुक दिवसापर्यंत पुरे करून देतो असे कोणी म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात तीन विधाने एकवटलेली असतात. काम एवढे आहे, हे पहिले. माझ्या हाती इतका वेळ आहे, हे दुसरे. आणि हाच वेळ मी दुसऱ्या कोणाला देऊन बसलेलो नाही, हे तिसरे. तिन्ही विधाने खरी असतील तर मुदत पाळणे ही केवळ अंकगणिताची बाब ठरते. व्यवहारात तिन्ही एकाच वेळी खरी असणे दुर्मिळ होय. गेल्या पाव शतकात लक्षावधी घरगुती संगणकांच्या फावल्या वेळातून विज्ञानाची मोठी गणिते सोडविण्याचा जो उद्योग उभा राहिला, त्यात ही तिन्ही विधाने एकापाठोपाठ एक संशयास्पद ठरत गेली आणि प्रत्येक संशयासाठी आज्ञावलीच्या कर्त्यांना काही तजवीज करावी लागली. त्या तजविजींचा इतिहास सांगणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे लिहिणे अस्थानी होणार नाही. इंग्रजीतील ‘डेडलाइन’ हा शब्द अमेरिकन यादवी युद्धातील आहे. १८६४ साली जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेषा ठरविलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्यास पहारेकरी गोळी घालीत. विसाव्या शतकात हा शब्द वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आला आणि मजकूर देण्याच्या अखेरच्या वेळेस लागू झाला. मराठीतील ‘मुदत’ हा शब्द अरबी मूळाचा असून त्याचा मूलार्थ कालाचा विस्तार, कालखंड असा आहे. एक शब्द बिंदू दाखवितो, दुसरा अवधी. हा भेद केवळ कोशकाराच्या कामाचा नाही. आपण ज्या आज्ञावलीचा विचार करणार आहोत तिच्या सर्व्हरवर प्रत्येक कामाबरोबर नोंदलेला असतो तो अवधी, सेकंदांत मोजलेला. काम एखाद्या संगणकाकडे रवाना झाले की त्या क्षणात अवधी मिळवून अखेरचा बिंदू ठरतो. सर्व्हर मुदत देतो, आणि घरच्या संगणकाच्या दृष्टीने तिची डेडलाइन होते.

२

मुदतीप्रमाणे कामांचा क्रम कसा लावावा, हा प्रश्न संगणकांच्या जाळ्याहून जुना आहे. १९५५ मध्ये जे. आर. जॅक्सन यांनी कारखान्यातील उत्पादनाच्या संदर्भात असे दाखविले की, एकाच यंत्रावर अनेक कामे करावयाची असतील आणि जास्तीत जास्त होणारा विलंब शक्य तितका कमी राखावयाचा असेल, तर ज्याची मुदत सर्वांत आधी ते काम सर्वांत आधी करावे. १९७३ मध्ये लिऊ आणि लेलँड यांनी ठराविक कालांतराने पुनःपुन्हा येणाऱ्या कामांचा विचार केला. ज्याची मुदत जवळ त्यास प्रथम स्थान, ही रीत पाळल्यास एका प्रोसेसरची संपूर्ण कुवत वापरूनही एकही मुदत चुकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. उलट प्रत्येक कामास कायमचा अग्रक्रम ठरवून दिला, तर कामांची संख्या वाढत जाता सुमारे ६९ टक्के कुवतीपर्यंतच तशी हमी देता येते. १९७४ मध्ये डर्टुझोस यांनी याच रीतीचे श्रेष्ठत्व अधिक व्यापक परिस्थितीत दाखविले : एका प्रोसेसरवर कोणत्याही क्रमाने सर्व मुदती पाळणे शक्य असेल, तर या रीतीने त्या पाळल्या जातातच. या रीतीस आपण येथे ‘मुदतक्रम’ म्हणू.

या सिद्धांतांची गृहीतके मात्र ध्यानात ठेविली पाहिजेत. कामाचा आकार आधी ठाऊक आहे. यंत्र अखंड चालू आहे. प्रोसेसर एक आहे. आणि कामांचा एकूण भार कुवतीपेक्षा अधिक नाही. विमानाच्या किंवा कारखान्याच्या नियंत्रणयंत्रणेत ही गृहीतके अभियंत्यास प्रयत्नाने खरी करता येतात. परक्याच्या घरातील संगणकावर त्यांपैकी एकही खरे करणे त्याच्या हाती नसते.

३

रिकाम्या संगणकांकडून काम करवून घेण्याची कल्पना १९८२ च्या सुमारास झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात शॉक आणि हप यांनी ‘कृमी’ या नावाने वर्णिलेल्या प्रयोगांत आढळते. रात्री मोकळी पडलेली यंत्रे शोधून त्यांवर पसरणारी ती आज्ञावली होती. १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील लिट्झको, लिव्हनी आणि मुटका यांनी ‘कॉन्डॉर’ ही प्रणाली मांडली. तिच्यात संगणकाचा धनी कामास बसला की पाहुणे काम मुकाट्याने बाजूस होई आणि आपले अर्धवट गणित नोंदवून दुसरीकडे जाई. या दोन्ही प्रयोगांत यंत्रे एकाच संस्थेच्या छत्राखाली होती. यंत्रमालक, गणितकर्ता आणि व्यवस्थापक एकमेकांस ओळखत असत.

१९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन अविभाज्य संख्यांचा शोध घेणारा जो उपक्रम सुरू केला, त्यात ही ओळख संपली. तपासावयाची एकेक संख्या जगातील कोणाही इच्छुकास नेमून दिली जाई आणि तिच्या तपासणीस आठवडे किंवा महिने लागत. नेमणूक घेऊन स्वस्थ बसणाऱ्याची वाट किती काळ पाहावयाची, हा प्रश्न येथे प्रथमच ठळकपणे उभा राहिला. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून ‘सेटी ॲट होम’ सुरू झाले. पोर्तो रिकोतील आरेसिबो येथील, २०२० मध्ये कोसळलेल्या, रेडिओ-दुर्बिणीने टिपलेल्या लहरींत परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधावे, हा त्याचा उद्देश होता. दुर्बिणीच्या नोंदीचा १०७ सेकंदांचा आणि सुमारे १० किलोहर्ट्झ रुंदीचा एकेक तुकडा एकेका संगणकाकडे जाई. सहभागी झालेल्यांची संख्या पुढे पन्नास लाखांवर गेली. येथे प्रकल्प एकच होता आणि संगणकाच्या हाती एका वेळी एकच तुकडा असे. त्यामुळे क्रम लावण्याचा प्रश्नच नव्हता.

तरीही मुदतीची गरज या व्यवस्थेच्या गाभ्यातच होती. अनोळखी संगणकाकडून आलेले उत्तर खरे कशावरून? यंत्रात दोष असू शकतो, मालक लबाडीही करू शकतो. म्हणून एकच काम दोन किंवा अधिक संगणकांकडे पाठवावयाचे आणि उत्तरे जुळली तरच ती ग्राह्य धरावयाची, अशी पद्धत पडली. पहिले उत्तर आले आणि दुसरे आलेच नाही, तर पहिलेही अडून राहते. त्या कामाची सामग्री सर्व्हरच्या डिस्कवर जागा अडवून बसते आणि ज्याने उत्तर दिले त्याचे श्रेय लटकून राहते. काही अवधी ठरवावा आणि तो उलटला की तेच काम तिसऱ्याकडे पाठवावे, हाच त्यावर उपाय होय. मुदतीमागे शिक्षेचा हेतू नव्हता. सर्व्हरने वाट पाहणे केव्हा सोडावे, एवढेच तीमुळे ठरत असे.

परंतु या व्यवस्थेत चुकलेल्या मुदतीची किंमत कोण देतो, हे पाहिले पाहिजे. ज्याचा संगणक तीस तास चालला आणि एक दिवस उशिरा उत्तर घेऊन आला, त्याच्या घरची वीज खर्च झालेली असते. दरम्यान तेच गणित दुसऱ्याने पुरे केलेले असल्यास त्या तीस तासांचा विज्ञानास काहीही उपयोग होत नाही. वेतनाचा संबंध नसलेल्या व्यवहारात दात्याचे दान असे वाया जाऊ देणे हा विश्वासाचा भंग होय. क्रमनियोजनाचा प्रश्न या अर्थाने केवळ तांत्रिक राहत नाही.

४

२००२ मध्ये डेव्हिड अँडरसन यांनी बर्कली येथे ‘बॉइंक’ या प्रणालीची उभारणी आरंभिली. प्रत्येक प्रकल्पाने आपली स्वतंत्र यंत्रणा घडविण्याऐवजी सर्वांनी एकच पाया वापरावा आणि संगणकाच्या मालकास वाटेल तितक्या प्रकल्पांना आपला वेळ वाटून देता यावा, ही त्यामागील कल्पना होती. २००४ पासून सेटीचे काम बॉइंकवर येऊ लागले आणि डिसेंबर २००५ मध्ये त्याची जुनी व्यवस्था बंद झाली. ऑक्सफर्डचा हवामान-भाकिताचा प्रकल्प, गुरुत्वीय लहरी आणि स्पंदक तारे यांचा शोध घेणारा ‘आइन्स्टाइन ॲट होम’, प्रथिनांच्या रचनेवरील ‘रोझेटा ॲट होम’ असे नाना स्वभावांचे प्रकल्प या एकाच छताखाली जमले.

स्वभाव म्हणजे येथे कामाचा आकार आणि मुदत. आइन्स्टाइन प्रकल्पाचे काम काही तासांचे आणि मुदत साधारण दोन आठवड्यांची. याउलट फेब्रुवारी २००६ मध्ये बीबीसीच्या साहाय्याने सुरू झालेल्या हवामान-प्रयोगात प्रत्येक संगणकास १९२० ते २०८० अशा १६० वर्षांच्या हवामानाचे संपूर्ण प्रतिरूप चालवावयाचे होते. त्यास कित्येक महिने लागत. ही दोन्ही कामे एकाच टेबलावरील एकाच संगणकात शेजारी येऊन बसली आणि क्रमाचा प्रश्न जन्मास आला.

बॉइंकने संगणकाच्या मालकास एक वचन दिले होते : प्रत्येक प्रकल्पास तू जो हिस्सा ठरवून देशील, तितकाच वेळ त्यास मिळेल. प्रकल्पास दुसरे वचन होते : तुझे काम मुदतीत परत येईल. पहिले वचन पाळण्यासाठी संगणकातील क्लायंट, म्हणजे बॉइंकची घरगुती बाजू, आळीपाळीने कामे चालवी. सामान्यतः तासाभराने एक काम थांबवून दुसरे हाती घेई. कोणाची पाळी, हे ठरविण्यासाठी त्याने एक हिशोब ठेविला आणि त्यास नाव दिले ‘ऋण’. ठराविक कालात प्रकल्पास हिश्श्याप्रमाणे जेवढा वेळ मिळावयास हवा होता त्यातून प्रत्यक्ष मिळालेला वेळ वजा करावा; बाकी राहील तेवढे त्या प्रकल्पाचे देणे. ज्याचे देणे सर्वांत अधिक त्याची पाळी पुढची. पुढे या ऋणाचे दोन प्रकार झाले. आता कोणते काम चालवावे, हे अल्पकालीन ऋणावरून ठरे. नवे काम कोणाकडून मागावे, हे दीर्घकालीन ऋणावरून.

संज्ञा म्हणून ‘ऋण’ या शब्दाची निवड विचार करण्याजोगी आहे. ऋण विसरले जात नाही. ते फेडावे लागते. त्यामुळे या शब्दाने आज्ञावलीस एक महत्त्वाची मोकळीक मिळवून दिली. आज न्याय झाला नाही तरी चालेल, खात्यावर बाकी आहे तोवर तो उद्या होईल, असे म्हणणे या शब्दामुळे शक्य झाले. मुदतीसाठी हिश्श्याचा नियम तात्पुरता मोडावा आणि नंतर भरपाई करावी, हा पुढील सर्व योजनांचा आधार होय.

५

नियम केव्हा मोडावा, याचे उत्तर प्रथम ढोबळ होते. २००५ च्या सुमारास क्लायंटमध्ये अशी रीत होती की, संगणक कुवतीबाहेर बांधला गेला आहे असे आढळले की त्याने आळीपाळी सोडून सरसकट मुदतक्रमाने काम करावे आणि नवे काम मागणे थांबवावे. वापरणाऱ्यांना तशी सूचना पडद्यावर दिसे. हा उपाय लागू पडे, पण घरातील एक माणूस आजारी पडला म्हणून सर्वांनाच अंथरुणावर झोपविण्यासारखा तो होता. एक काम धोक्यात येताच धोक्यात नसलेली कामेही मुदतीप्रमाणे रांगेत उभी केली जात, आणि ज्याची मुदत दूर त्या प्रकल्पास विनाकारण तिष्ठावे लागे.

२००७ मध्ये अँडरसन आणि जॉन मॅक्लिओड यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात अधिक सूक्ष्म योजना मांडलेली आहे. तिचे सूत्र असे. क्लायंटने प्रथम प्रत्यक्ष काम न करता कागदावर करावे तशी एक प्रतिकृती चालवावी : सर्व कामे हिश्श्याप्रमाणे आळीपाळीनेच चालली तर प्रत्येक काम केव्हा संपेल? या प्रतिकृतीत ज्या कामांची मुदत चुकेल, तेवढीच धोक्यातील समजावी आणि ती आधी, मुदतक्रमाने चालवावी. बाकीच्यांस आळीपाळीचा नियम लागू राहावा. प्रतिकृती वारंवार नव्याने चालवावी लागते, कारण परिस्थिती बदलत असते.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एक प्रोसेसर आहे आणि दोन प्रकल्पांस समान हिस्सा आहे. पहिल्याचे एकच काम आहे : आकार १० तास, मुदत १५ तास. दुसऱ्याची कामे भरपूर असून मुदती दूरच्या आहेत. आळीपाळीने चालल्यास पहिले काम विसाव्या तासास संपेल, म्हणजे मुदत चुकेल. प्रतिकृतीत हे दिसते. म्हणून ते सलग चालवावे. ते दहाव्या तासास संपते. या दहा तासांत दुसऱ्या प्रकल्पाच्या वाट्याचे पाच तास पहिल्याने खाल्ले. तेवढे ऋण झाले. पुढील दहा तास दुसऱ्यास दिले की विसाव्या तासास दोघांना दहा-दहा तास मिळालेले असतात. दोन्ही वचने पाळली गेली, फक्त एकाच वेळी पाळली गेली नाहीत.

याच सुमारास घरगुती संगणकांत एकाहून अधिक प्रोसेसर येऊ लागले आणि जुन्या सिद्धांताचे आणखी एक गृहीतक निकालात निघाले. ढल्ल आणि लिऊ यांनी १९७८ मध्येच दाखविले होते की, अनेक प्रोसेसरांवर शुद्ध मुदतक्रम भार अल्प असतानाही फसू शकतो. समजा, प्रोसेसर दोन आहेत. एकेका तासाची दोन कामे दहा तासांच्या मुदतीची आहेत आणि दहा तासांचे तिसरे काम सव्वादहा तासांच्या मुदतीचे आहे. तिन्ही तीन समान हिश्श्यांच्या प्रकल्पांची आहेत. मुदतक्रमाने दोन्ही लहान कामे आधी चालतील. मोठे एक तास थांबेल आणि अकराव्या तासास संपून मुदत चुकवील. आता वरील योजना लावून पाहावी. आळीपाळीत प्रत्येक कामास दोन-तृतीयांश प्रोसेसर मिळतो. लहान कामे दीड तासात संपतात, तोवर मोठ्याचे एक तासाचे काम झालेले असते आणि उरलेल्या नऊ तासांनंतर ते साडेदहाव्या तासास संपते. म्हणजे धोक्यात आहे ते मोठे कामच. तेवढेच आधी चालविले आणि लहान कामे दुसऱ्या प्रोसेसरवर एकामागून एक केली, तर मोठे दहाव्या तासास आणि लहान दुसऱ्या तासापर्यंत संपतात; तिन्ही मुदती पाळल्या जातात. ज्यास धोका नाही त्यास घाई करू नये, हा नियम केवळ न्यायासाठी केलेला होता. या उदाहरणापुरता तो कार्यक्षमतेसही उपकारक ठरतो.

निरनिराळ्या नियमांची तुलना करणारा कोंडो, अँडरसन आणि मॅक्लिओड यांचा निबंध डिसेंबर २००७ मध्ये बेंगळूर येथे भरलेल्या ई-सायन्स परिषदेत सादर झाला. क्रमाचे नियम केवळ तर्काने ठरविण्याऐवजी संगणकावरील प्रतिकृतींनी पारखावयाचे, ही पद्धत त्या सुमारास दृढ झाली. अँडरसन यांनी पुढे २०११ मध्ये क्लायंटच्या नियमांची नक्कल करून पाहण्याच्या साधनावर स्वतंत्रपणे लिहिले आहे.

६

प्रतिकृती कितीही काळजीपूर्वक चालविली तरी तिच्यात घातलेले आकडे अंदाजाचे असतात. कामाचा आकार प्रकल्प सांगतो, तोही अंकगणितीय क्रियांच्या संख्येत. संगणकाचा वेग चाचणीने मोजलेला असतो. भागाकार केला की तास मिळतात, परंतु प्रत्यक्षात ते क्वचितच जुळतात. म्हणून क्लायंटने प्रत्येक प्रकल्पासाठी एक दुरुस्ती-गुणक ठेविला. एखादे काम अंदाजापेक्षा अधिक वेळ घेई, तेव्हा हा गुणक तत्काळ वर चढे. कमी वेळ घेई, तेव्हा हळूहळू खाली येई. या विषमतेमागे शहाणपण होते. अंदाज जास्त ठरला तर थोडे काम कमी घेतले जाते. अंदाज कमी ठरला तर मुदत चुकते. दोन चुका समान किमतीच्या नसतील तर त्यांच्याशी समान वर्तन ठेवू नये. दोष असा की, एकाच प्रकल्पात लहानमोठ्या निरनिराळ्या जातींची कामे असली तर एकाच गुणकाने सर्वांचा अंदाज बिघडे. त्यामुळे २०१० च्या सुमारास हे काम सर्व्हरकडे गेले. कोणत्या संगणकाने कोणत्या जातीचे काम किती वेळात केले, याची आकडेवारी ठेवून तीवरून अंदाज होऊ लागला.

दुसरा अंदाज हाती असलेल्या वेळेचा. संगणक दिवसातून किती काळ चालू असतो आणि चालू असताना मालक बॉइंकला किती काळ काम करू देतो, याचे प्रमाण क्लायंट सतत मोजत असतो. तीस तासांचे काम चार दिवसांच्या मुदतीने घेतले आणि संगणक रोज आठ तास चालत असेल, तर ते पावणेचार दिवसांत संपते. परंतु त्या आठ तासांपैकी चार तास मालक स्वतः कामास बसत असेल आणि त्या काळात गणित चालवू नये अशी त्याची सूचना असेल, तर त्यास साडेसात दिवस लागतात. प्रोसेसरचा वेग दोन्ही घरांत एकच. एका घरी मुदत पाळली जाते आणि दुसऱ्या घरी ती पाळणे प्रथमपासूनच अशक्य असते.

७

यातूनच या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. भार कुवतीबाहेर गेल्यावर कोणताही क्रम सर्व मुदती वाचवू शकत नाही, आणि मुदतक्रम तर अशा वेळी विशेष हानिकारक ठरतो. प्रत्येकी दहा तासांची तीन कामे आहेत. मुदती ९, १९ आणि २९ तासांच्या आहेत. मुदतक्रमाने ती १०, २० आणि ३० व्या तासास संपतील : तिन्ही उशिरा. पहिले काम, जे कोणत्याही उपायाने वेळेवर होणारच नव्हते, ते सोडून दिले असते तर उरलेली दोन्ही वेळेत झाली असती. पहिल्या पत्त्याने दुसऱ्यास पाडावे, दुसऱ्याने तिसऱ्यास, तसा हा प्रकार होय. बॉइंकचा क्लायंट मुदत उलटेपर्यंत सुरूही न झालेले काम रद्द करतो, तो याच कारणास्तव. परंतु सोडून देण्यापेक्षा न घेणे बरे.

म्हणून बॉइंकच्या कर्त्यांनी क्रमापेक्षा स्वीकाराच्या नियमांकडे उत्तरोत्तर अधिक लक्ष दिले. मालक आपल्या संगणकात किती दिवसांचे काम साठवून ठेवावयाचे ते ठरवितो. साठा मोठा ठेवल्यास इंटरनेट खंडित झाले किंवा सर्व्हर बंद पडला तरी काम चालू राहते. परंतु दहा दिवसांचा साठा आणि सात दिवसांची मुदत यांचा मेळ बसणे शक्य नाही. हे मात्र अनेक उत्साही दात्यांच्या ध्यानात येत नसे. सर्व्हरही काम देण्यापूर्वी तपासतो : या संगणकाचा वेग, त्याचे चालू राहण्याचे प्रमाण आणि त्याच्या हातातील कामे पाहता हे काम मुदतीत होईल काय? होणार नसेल तर तो देत नाही आणि तसे कळवितो. क्लायंटने पाठविलेली हातातील कामांची यादी घेऊन, नवे काम मिळविल्यास जुन्यांपैकी कोणाची मुदत चुकेल हे प्रतिकृतीने पाहण्याची सोयही सर्व्हरमध्ये प्रकल्पाच्या इच्छेनुसार वापरण्यास ठेवलेली आहे. एखाद्या गटातील शेवटची मोजकी कामे रखडली असतील, तर ती भरवशाच्या आणि तत्पर संगणकांकडेच, कमी मुदतीने पाठविता येतात. या सर्व उपायांत कामांचा क्रम कोठेही बदललेला नाही. बदलले आहे ते कोणते वचन द्यावे, याविषयीचे तारतम्य.

८

२००८ पासून चित्रांकनासाठी बनविलेले ग्राफिक्स प्रोसेसर बॉइंकच्या कामास लागले आणि ऋणाचा हिशोब अवघड झाला. एका प्रकल्पाकडे फक्त ग्राफिक्स प्रोसेसरची कामे, दुसऱ्याकडे फक्त सामान्य प्रोसेसरची. मालकाने दोघांना समान हिस्सा दिला आहे. प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळे ऋण धरावे, तर ज्या प्रकल्पाकडे त्या जातीचे काम कधी नसतेच, त्याचे त्या खात्यावरील देणे कसे फेडावयाचे? वेगळे न धरावे, तर एका प्रोसेसरचा तास आणि दुसऱ्याचा तास समान मानावा लागतो, आणि त्यांच्या वेगात तर मोठे अंतर असते.

बॉइंकच्या सातव्या आवृत्तीपर्यंत ऋणाची संकल्पनाच मागे पडली. तिच्या जागी प्रत्येक प्रकल्पासाठी अलीकडे झालेल्या एकूण गणिताचा अंदाज ठेवण्यात येऊ लागला. तो तासांत नसून केलेल्या गणिताच्या प्रमाणात असतो, सर्व जातींच्या प्रोसेसरांवरील मिळून असतो आणि कालाबरोबर क्षीण होत जातो : सामान्यतः दहा दिवसांपूर्वीच्या कामाची किंमत निम्मी धरली जाते. ज्या प्रकल्पाचा हा आकडा त्याच्या हिश्श्याच्या मानाने कमी, त्याची पाळी पुढे.

भाषेच्या अभ्यासकास हा बदल लक्षणीय वाटतो. जुन्या संज्ञेत भविष्याकडे पाहणारा नैतिक शब्द होता : देणे आहे, ते फेडले पाहिजे. नव्या संज्ञेत भूतकालाची क्षीण होत जाणारी नोंद आहे : अलीकडे कोणास किती मिळाले, एवढेच पाहावयाचे. महिनोन्‌महिने काम न पुरविणाऱ्या प्रकल्पाने परत येऊन जुनी बाकी मागावी आणि इतरांस खोळंबून ठेवावे, हे नव्या हिशोबात घडत नाही. नियम मोडून नंतर भरपाई करण्याची मोकळीक मात्र कायम राहिली. फक्त भरपाईस कालमर्यादा आली.

९

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर बॉइंकच्या बाहेर आढळते, त्याचा निर्देश केला पाहिजे. स्टॅनफर्ड येथे विजय पांडे यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या ‘फोल्डिंग ॲट होम’ या प्रथिनविषयक प्रकल्पात एका कामाच्या उत्तरावरून त्याच मालिकेतील पुढचे काम तयार होते. त्यामुळे एकाचा उशीर संपूर्ण मालिकेस अडवितो. तेथे प्रत्येक कामास दोन मुदती असतात. पहिली उलटली की तेच काम दुसऱ्या कोणास दिले जाते. दुसरी उलटली की उत्तराची किंमत शून्य होते. शिवाय लवकर परत येणाऱ्या उत्तरास अधिक गुण देण्याची पद्धत तेथे पुढे सुरू झाली. बॉइंकने अनेक प्रकल्पांत वेळ वाटण्याची जबाबदारी क्लायंटवर टाकली, म्हणून त्यास प्रतिकृती आणि हिशोब लागले. फोल्डिंगमध्ये एकाच प्रकल्पाचा विचार असल्याने घाईचे मोल दात्यास गुणांच्या रूपाने सांगणे पुरेसे झाले.

३१ मार्च २०२० रोजी सेटी ॲट होमने नवे काम वाटणे थांबविले. ज्या प्रकल्पामुळे बॉइंकचा जन्म झाला तो विसावला, पण त्यानिमित्त घडलेली क्रमनियोजनाची रीत इतर प्रकल्पांच्या कामास येत राहिली आहे.

या इतिहासावरून एक निष्कर्ष काढता येतो. १९५५ पासूनच्या सिद्धांतांनी कोणता क्रम उत्तम, हे निर्विवादपणे सांगितले. परंतु ते लागू होण्यासाठी जी तीन विधाने खरी असावी लागतात, ती स्वेच्छा-संगणनात खरी नव्हती. बॉइंकच्या कर्त्यांना नवा क्रम शोधावा लागला नाही. धोक्यात आलेल्या कामांपुरता त्यांनी जुनाच मुदतक्रम ठेविला. त्यांचे खरे परिश्रम झाले ते कामाच्या आकाराचा अंदाज सुधारण्यात, हातातील वेळ प्रामाणिकपणे मोजण्यात आणि न पेलणारे काम नाकारण्यात. मुदत चुकल्याचे पाप आपण सामान्यतः अखेरच्या दिवसाच्या माथी मारतो. लक्षावधी यंत्रांच्या या प्रदीर्घ प्रयोगात मात्र असे दिसून आले की, मुदत बहुधा काम स्वीकारण्याच्या दिवशीच चुकलेली असते.